पूर्वपक्षाविना प्रबंध : अहवालाचा साचा आणि मराठी साहित्यसंशोधन

मराठी साहित्यावरील पीएच.डी.चा अलीकडचा एखादा प्रबंध न उघडताच त्याच्या पहिल्या प्रकरणाची मांडणी सांगता यावी, अशी आजची परिस्थिती आहे. विषयाचे महत्त्व, संशोधनाची उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती व मर्यादा, संशोधनपद्धती, पूर्वसंशोधनाचा आढावा, प्रकरणांची रूपरेषा. मग आशय, व्यक्तिचित्रण, निवेदन, भाषाशैली अशा कप्प्यांत वाटलेली चार-पाच प्रकरणे. अखेरीस क्रमांक घातलेले निष्कर्ष. त्या निष्कर्षांत एक वाक्य हमखास सापडते : प्रारंभी मांडलेले गृहीतक सिद्ध झाले आहे. ग्रामीण कादंबरीतून ग्रामजीवनाचे वास्तव चित्रण झाले आहे, स्त्रियांच्या कवितेतून स्त्रीच्या घुसमटीचा आविष्कार झाला आहे, अशा जातीची ही गृहीतके असतात. ती असिद्ध कशी होऊ शकली असती, हा प्रश्न प्रबंधात विचारलेला नसतो आणि मौखिक परीक्षेतही तो क्वचितच निघतो.

हा साचा साहित्यविचारातून उगवलेला नाही. तो प्रयोगनिष्ठ विज्ञानाच्या अहवालाचा आहे; आणि तोही थेट विज्ञानाकडून आलेला नसून शिक्षणशास्त्र व सामाजिक शास्त्रे यांच्यासाठी लिहिलेल्या संशोधनपद्धतीच्या क्रमिक पुस्तकांतून गाळून आलेला आहे. उसना आहे एवढ्यावरून तो त्याज्य ठरत नाही. कादंबरी आणि निबंध हे प्रकारही मराठीने उसनेच घेतले आणि आपलेसे केले. आक्षेप वेगळा आहे. मराठी साहित्यसंशोधनाने अहवालाचे मथळे उचलले, पण अहवालाने स्वतःवर घालून घेतलेली बंधने उचलली नाहीत. आणि त्या मथळ्यांना जागा करून देताना वादप्रधान लेखनाची जी बंधने आपल्या परंपरेत शतकानुशतके पाळली जात होती, तीही सोडून दिली. परिणामी आजचा प्रबंध विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही आणि वादाच्या कसोटीलाही उतरत नाही.

अहवाल आणि वाद यांतील भेद मथळ्यांचा नव्हे, प्रमाणाचा आहे. रॉबर्ट बॉइलने १६६० साली निर्वातपंपावरील प्रयोगांचे वृत्त प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्यापुढची अडचण साधी पण मूलगामी होती. पंप खर्चिक होता, तो मोजक्याच ठिकाणी होता, प्रयोग प्रत्यक्ष पाहणारे थोडे होते. जे हजर नव्हते त्यांना पाहिल्याची खात्री कशी द्यायची? बॉइलने याचे उत्तर गद्याच्या एका नव्या घडणीत शोधले. उपकरणाचे बारकाईचे वर्णन, प्रयोगाच्या परिस्थितीचा तपशील, फसलेल्या प्रयत्नांची कबुली आणि कारणांविषयी बोलताना राखलेली सावध भाषा, अशी ती घडण होती. स्टीव्हन शेपिन आणि सायमन शॅफर यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात या लेखनतंत्राचे विवेचन करताना, वाचकाला परोक्ष साक्षीदार बनवणारे तंत्र असे त्याचे स्वरूप दाखवले आहे. थॉमस हॉब्जने १६६१ मध्ये या साऱ्यालाच हरकत घेतली. काही निवडक माणसांनी एका खोलीत काही पाहिले म्हणून ज्ञान सिद्ध होत नाही. ज्ञान म्हणजे भूमितीसारखी, व्याख्यांपासून निघालेली अनुमानांची अतूट साखळी, ही त्याची भूमिका होती. इतिहासात बॉइल जिंकला. १६६५ मध्ये हेन्री ओल्डेनबर्गने सुरू केलेल्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकाने वृत्तान्ताची ही रीत पुढे रूढ केली. पण हॉब्जची हरकत ज्या भेदावर उभी होती तो भेद नाहीसा झालेला नाही. अहवालाचे प्रमाण अहवालाच्या बाहेर असते : प्रयोगशाळेत, नमुन्यात, मोजमापात. लेख हा तेथवर नेणारा रस्ता. वादाचे प्रमाण मात्र लेखाच्या आतच असते. वाक्यामागून वाक्य जसे येते तशीच सिद्धी घडते किंवा बिघडते. म्हणूनच चांगल्या अहवालाचा सारांश काढला तर फारसे काही हरवत नाही, आणि चांगल्या वादाचा सारांश काढला तर बहुतेक सारे हरवते.

याचे घरचे उदाहरण रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाचे देता येईल. सौंदर्यविषयक संकल्पनांची व्यवस्था एकध्रुवी नसून लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये ती ताणलेली आहे, हे त्या ग्रंथाचे प्रतिपादन एका वाक्यात सांगता येते. तसे सांगितले की ते विद्यार्थ्याच्या टिपणवहीतील एक ओळ होते. ग्रंथाचे मोल कांटपासून मर्ढेकरांपर्यंतच्या भूमिका एकेक करून उलगडण्यात, त्यांतील तर्काची घडी जेथे विस्कटते तेथे नेमके बोट ठेवण्यात आणि मर्ढेकरांच्या लयतत्त्वाला त्याच्या सर्वांत बळकट रूपात उभे करून मगच त्याची मर्यादा दाखवण्यात आहे. हा ग्रंथ ‘उद्दिष्टे, गृहीतके, पद्धती, निष्कर्ष’ या साच्यात बसवण्याचा प्रयत्न कोणी करून पाहावा. निष्कर्षाच्या रकान्यात पाच-सहा क्रमांकित वाक्ये उरतील आणि पाटणकर नाहीसे होतील.

विज्ञानाचा अहवालही आज दिसतो तसा सनातन नाही, हे साचा लादणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे. प्रस्तावना, पद्धती, फलिते आणि चर्चा हा चौकोनी बांधा किती अलीकडचा आहे याची पाहणी चार प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांपुरती २००४ साली प्रसिद्ध झाली. १९३५ ते १९८५ या पन्नास वर्षांचा त्यात मागोवा आहे. हा बांधा १९४० च्या दशकात दिसू लागतो, १९७० च्या दशकात बहुसंख्य लेखांत रुळतो आणि १९८० च्या दशकात तेथे एकमेव ठरतो, असे ती पाहणी सांगते. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३ चा ‘नेचर’मधील लेख जेमतेम पानभराहून थोडा अधिक आहे, त्यात हे मथळे नाहीत, आणि आधी सुचवल्या गेलेल्या रचना का पटत नाहीत हे सांगूनच तो सुरू होतो. डार्विनने १८५९ चा आपला ग्रंथ तर युक्तिवाद म्हणूनच रचला. आक्षेपांसाठी त्याने त्यात स्वतंत्र प्रकरण दिले आहे. खुद्द वैज्ञानिकांनाही या बांध्याविषयी शंका होतीच. नोबेल पारितोषिक मिळवलेल्या पीटर मेडावर यांनी १९६३ च्या नभोवाणी-भाषणात वैज्ञानिक निबंध ही एक लबाडी आहे काय, असा प्रश्न विचारला होता. त्यातील माहिती खोटी असते असे त्यांना म्हणायचे नव्हते. आधी निरीक्षणे आणि मग त्यांतून आपोआप उगवणारा निष्कर्ष, हा जो क्रम निबंध दाखवतो तो विचार प्रत्यक्ष घडण्याचा क्रम नसतो, हा त्यांचा मुद्दा होता. अपेक्षा आणि कल्पना आधी असतात. निरीक्षणांना अर्थ त्यांच्यामुळे येतो. ज्या रूपाविषयी विज्ञानाच्या अंगणातच साठ वर्षांपूर्वी असा संशय व्यक्त झाला, ते रूप मराठी विभागांत मात्र शास्त्रशुद्धतेची हमी म्हणून वावरते आहे.

तरीही अहवालाचे श्रेय नाकारता येत नाही. त्याच्या मथळ्यांच्या आड काही कठोर व्रते आहेत. आपण काय पाहिले ते दुसऱ्याला पाहता येईल अशा रीतीने सांगायचे. जे फसले तेही सांगायचे. किती खात्री आहे आणि किती नाही हे लपवायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपले म्हणणे चुकीचे ठरू शकेल असेच ते मांडायचे. ‘संशोधनपद्धती’ या मथळ्याखाली आपल्या प्रबंधांत काय असते? वर्णनात्मक पद्धती, विश्लेषणात्मक पद्धती, तुलनात्मक पद्धती, ऐतिहासिक पद्धती यांचा अवलंब केला आहे, असे एक वाक्य. कोणती कादंबरी का निवडली, कोणती का वगळली, पहिली आवृत्ती वापरली की नंतरची सुधारलेली, वाचताना कोणत्या ठिकाणी आपलाच अर्थ डळमळला, यांपैकी एकाही गोष्टीचा पत्ता त्या वाक्यातून लागत नाही. हे पद्धतीचे निवेदन नव्हे, पद्धतींच्या नावांचे स्मरण आहे. ‘मर्यादा’ या मथळ्याखाली तर प्रबंधाची मर्यादा कधीच नसते. विषयाची कुंपणे असतात. १९६० ते १९९० हाच कालखंड घेतला आहे, एवढेच तेथे लिहिलेले असते. अमुक ठिकाणी माझे प्रतिपादन लागू पडत नाही, असे तेथे लिहिणारा अभ्यासक विरळा.

गोंधळाचे मूळ काही अंशी शब्दातच आहे. ‘गृहीतक’ म्हणजे जे धरून चालायचे, ज्यावर वाद करायचा नाही. विज्ञानाला अभिप्रेत असलेली कल्पना याच्या नेमकी उलट आहे : जी तपासायची, मोडून पाहायची. तत्त्वज्ञानाच्या मराठी लेखनात तिला ‘अभ्युपगम’ हा शब्द रूढ झाला आणि शिक्षणशास्त्राने ‘परिकल्पना’ पत्करला. शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी गृहीतके आणि परिकल्पना या दोन वेगळ्या मथळ्यांखाली लिहितात, हे त्यांचे तारतम्य. साहित्याच्या आराखड्यांत मात्र बहुधा एकच मथळा उरला आणि तोही चुकीचा. ज्याची परीक्षा करायची त्यालाच परीक्षेतून सूट देणारा शब्द लावल्यावर ते शेवटी ‘सिद्ध’ होणार यात नवल काय? न्यायदर्शनात ‘अभ्युपगमसिद्धान्त’ ही संज्ञा आहे. अद्याप न तपासलेली गोष्ट तूर्त मान्य करून पुढील विशेषाची परीक्षा करणे, असा तिचा आशय. तूर्त मान्य करणे आणि कायमचे गृहीत धरणे यांतील अंतर त्या परंपरेला ठाऊक होते. आपल्या आराखड्यांना ते ठाऊक नाही.

आता दुसरी बाजू. वादप्रधान लेखनाचे म्हणून काही व्याकरण असते, आणि ते मराठीला पश्चिमेकडून शिकण्याची गरज नव्हती. मीमांसेतील अधिकरणाचा क्रम सर्वपरिचित आहे : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, आणि अखेर संगती किंवा प्रयोजन, परंपराभेदाने. या क्रमात संशयाला स्वतंत्र पायरी आहे, ही गोष्ट विलक्षण आहे. ज्या वाक्याचे दोन अर्थ संभवतात तेथेच विचार सुरू होतो. संशय नसेल तर अधिकरणच नाही. ही एक कसोटी आजच्या प्रबंधविषयांना लावली तर कितीतरी विषय नोंदणीच्या उंबरठ्यावरच अडतील. आणि पूर्वपक्ष म्हणजे नुसता विरोधी मताचा उल्लेख नव्हे. प्रतिपक्षाने स्वतः मांडला असता त्याहून तो निर्बळ होता कामा नये, हे त्यातील नैतिक बंधन आहे. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ (१९१५) आज कोणाला पटो वा न पटो, त्यातील संन्यासमार्गाचा पक्ष इतक्या तपशिलाने मांडलेला आहे की त्या पक्षाच्या अभिमान्यालाही तेथून आपली शिदोरी बांधून घेता येते. ग्रंथाला विरोध झाला तो याचमुळे अर्थपूर्ण होऊ शकला. कोणत्या पायरीवर आपण वेगळे होतो हे विरोधकाला दाखवता येत होते.

‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हा पूर्वपक्षाचा वारस नव्हे; त्याच्या जागी बसवलेला पुतळा आहे. आढाव्यात अमुक यांनी अमुक साली अमुक ग्रंथ लिहिला, त्यात अमुक प्रकरणे आहेत, असे परिच्छेद एकाखाली एक येतात, आणि शेवटी ‘तथापि प्रस्तुत विषयावर स्वतंत्र संशोधन झालेले नाही’ हा भरतवाक्यासारखा ठरलेला समारोप. पूर्वसूरींशी संबंध आहे तो केवळ रिकाम्या जागेचा : त्यांनी बसायचे राहिलेले आसन आपण घ्यायचे. त्यांचे म्हणणे बरोबर असेल तर आपल्या प्रबंधाची गरज काय, आणि चूक असेल तर नेमके कोठे, हा प्रश्न टळतो. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) शेजारी ठेवला म्हणजे फरक कळतो. विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधणारे आणि माढे येथील मूर्तीविषयी खळबळजनक विधान करणारे ते प्रतिपादन आधीच्या मतांना एकामागून एक सामोरे जात पुढे सरकते. पुराणातील वर्णन, मूर्तीचे लक्षण, क्षेत्राची लोकपरंपरा यांना ते एकमेकांविरुद्ध उलटतपासणीस उभे करते. म्हणून त्याला उत्तरेही आली. ज्या ग्रंथाला उत्तर देता येते तोच पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडतो. आपल्या विभागांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या प्रबंधांपैकी किती प्रबंधांचे खंडन करण्याच्या भानगडीत कोणी पडले आहे? ते शोधगंगेवर जाऊन विसावतात. त्यांच्याशी कोणी भांडत नाही, कारण भांडायला तेथे कोणी उभाच नसतो. ‘प्रस्तुत संशोधक’ असतो.

असे का झाले याची कारणे केवळ बौद्धिक नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या पीएच.डी. नियमांनी अभ्यासक्रम-कार्य सक्तीचे केले. त्यात संशोधनपद्धतीचा अभ्यास आला आणि त्यात संख्यात्मक पद्धती व संगणकाचा वापर यांचा समावेश करता येईल असे सुचवले गेले. सर्व विद्याशाखांना मिळून एक अभ्यासक्रम करायचा म्हटले की त्याची भाषा ज्या शाखांत नमुना, चल आणि मोजमाप असतात त्यांचीच होणार. प्रबंध दाखल करण्यापूर्वी लेख प्रसिद्ध करण्याची अट त्याच नियमांत होती. ती २०२२ च्या नियमांनी काढून टाकली. २०१० पासून अध्यापकांच्या बढतीसाठी लेखांना गुण देण्याची पद्धत आली, २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये ती यादी आयोगाने बंदही केली. नियम आले आणि गेले, साचा राहिला. कारण मोजणाऱ्याला तो सोयीचा आहे. मथळे आहेत की नाहीत हे लेख न वाचता पाहता येते. वाद झाला की नाही हे पाहण्यासाठी लेख वाचावा लागतो. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे गणनेतून वगळण्याची तरतूदही आहे. पण आकड्याची धास्ती तरतुदीपेक्षा मोठी ठरते. मग विद्यार्थी प्रतिपक्षाचे मूळ शब्द देण्याऐवजी त्यांचा बोथट अनुवाद देतो. साहित्यविचारात शब्द बदलले की पक्ष बदलतो, हे त्याला कोण सांगणार?

या साऱ्यावर जो प्रतिवाद होईल तो दुबळा नाही. साच्याचे समर्थक म्हणतील की मराठी समीक्षा दीर्घकाळ आस्वादाच्या धुक्यात वावरली. ‘हृद्य’, ‘उत्कट’, ‘भावगर्भ’ या विशेषणांच्या पलीकडे ती जात नव्हती. त्या शिथिलतेला शिस्त लावायची तर काही चौकट हवीच. शिवाय ज्या घरांत पुस्तकांचे कपाट नव्हते, ज्यांच्या कानांवर शास्त्रार्थ कधी पडला नाही, अशा हजारो विद्यार्थ्यांना संशोधनाचे दार या साच्यानेच उघडले. पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची भाषा ज्यांची होती त्यांनी ती इतरांना नाकारण्यासाठीच वापरली, असेही ते म्हणतील. आणि त्यासाठी पुरावा शोधायला त्यांना दूर जावे लागणार नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’त (१८७४-१८८१) जोतीराव फुले यांच्या लेखनाचा जो समाचार आहे, त्यात प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी उभे करण्याऐवजी त्याच्या भाषेची आणि व्याकरणाची टवाळी आहे. हा न्यायाच्या परिभाषेतील वाद नव्हे, जल्प आहे, आणि काही ठिकाणी निव्वळ वितंडा. वादाची परंपरा म्हणून जे मिरवले जाते त्यातील बराच भाग असा आहे, हे कबूल करायलाच हवे.

पण यातून साच्याचे समर्थन होत नाही. चिपळूणकरांचा दोष वाद केल्याचा नव्हे, पूर्वपक्षाचे बंधन मोडल्याचा आहे. फुल्यांनी मांडलेला प्रश्न त्यांनी खरोखर पूर्वपक्ष म्हणून मांडला असता तर ‘निबंधमाले’चा तो भाग आज वेगळा वाचला गेला असता. उलट फुल्यांचे स्वतःचे लेखन पाहावे. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ संवादरूप आहे. त्यात धोंडिबा प्रश्न विचारतो, शंका काढतो, आणि जोतीराव उत्तर देतात. वादाचे रूप ही कोणा एका जातीची मालमत्ता नव्हती, याचा याहून ठळक दाखला कोणता हवा? नव्या विद्यार्थ्याला साच्याने दार उघडले हे खरे मानले, तरी दाराच्या आत काय दिले हा प्रश्न उरतो. त्याला तयार मथळे दिले आणि सांगितले की ते भर म्हणजे झाले. त्याच्याजवळ जे खरे भांडवल होते, म्हणजे प्रस्थापित वाचनाशी असलेले त्याचे भांडण, ते आराखड्यात कोठे लिहायचे याची सोयच नव्हती. दलित साहित्याच्या चळवळीने १९६० आणि १९७० च्या दशकांत मराठी समीक्षेला जे हादरे दिले ते वादाने दिले. क्रमांकित निष्कर्षांनी नव्हे. त्याच साहित्यावरचे आजचे प्रबंध मात्र ‘वेदना, विद्रोह, नकार हे विशेष आढळतात’ अशी नोंद करून थांबतात. विद्रोहाची नोंदवही झाली.

आस्वादाच्या धुक्याविषयीचा आक्षेपही नीट तपासला पाहिजे. साच्याने विशेषणे घालवली काय? ती क्रमांकाखाली गेली, एवढेच. ‘भाषाशैली प्रभावी आहे’ हे वाक्य निष्कर्ष क्रमांक चार म्हणून आले तरी आस्वादच राहते; फक्त आता त्याला निष्कर्षाचा पोशाख चढवलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालणे अधिक अवघड होते.

साहित्याच्या क्षेत्रात खरा अहवाल जेथे अत्यावश्यक असतो, तेथे तो कसा दिसतो आणि त्याच्या अभावी काय होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली आपल्याला मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून ‘ज्ञानेश्वरी’ची संहिता प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरकालीन मराठीचे व्याकरणही रचले. पोथीच्या प्राचीनतेविषयीचे त्यांचे अनुमान धाडसी होते आणि मांडणी तडफदार. पण ती पोथी पुढच्या अभ्यासकांच्या हाती आली नाही. ज्या माणसाने ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापून कागदपत्रांवाचून इतिहास नाही हे महाराष्ट्राच्या गळी उतरवले, त्याच्याच या कामात मूळ साधन दृष्टीआड राहिले, हा दैवदुर्विलास म्हणायचा. संहितेच्या प्रश्नात कितीही कुशाग्र युक्तिवाद साधनाची जागा घेऊ शकत नाही. तेथे साक्षीदार हवा, आणि साक्षीदार नसेल तर अनुमान कितीही देखणे असो, ते विश्वासावर घ्यावे लागते.

दुसरे उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे. वि. सी. सुकथनकर हे केंब्रिजला गणित शिकलेले आणि मग बर्लिनला भाषाशास्त्राकडे वळलेले पंडित. १९२५ साली त्यांनी या आवृत्तीची सूत्रे हाती घेतली. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वासाठी सुमारे साठ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. प्रत्येक हस्तलिखिताचे वर्णन आहे, त्यांची कुळे सांगितली आहेत, पाठनिर्णयाची तत्त्वे सांगितली आहेत, आणि पानाच्या तळाशी नाकारलेले पाठही दिले आहेत, म्हणजे संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नसेल त्याला तेथल्या तेथे दुसरा निर्णय करता यावा. जेथे निवडलेला पाठ निःसंशय नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेषा आहे. ही रेषा म्हणजे अहवालाच्या नीतीचे मराठी मुलखात घडलेले सर्वांत सुंदर चिन्ह आहे. आपल्या प्रबंधांतील निष्कर्षांखाली अशी रेषा ओढायची ठरवली तर किती वाक्ये तिच्यावाचून उरतील?

आणि तरी सुकथनकर केवळ अहवाल लिहून थांबले नाहीत. सिल्व्हँ लेव्ही या फ्रेंच पंडितांनी, पाठ नव्याने सिद्ध करण्याच्या फंदात न पडता निळकंठाचा प्रचलित पाठच देऊन पाठभेद नोंदवावेत, असे सुचवले होते. प्रस्तावनेत सुकथनकर त्या सूचनेला सविस्तर सामोरे जातात. तो खरा पूर्वपक्ष आहे, आणि तो अहवालाच्या मधोमध आहे. १९३६ मध्ये त्यांनी भृगुकुळ आणि भारत यांच्या संबंधावर दीर्घ निबंध लिहिला, तो मात्र आरंभापासून युक्तिवाद आहे : भार्गवकथांचे महाभारतातील प्राबल्य दाखवून ग्रंथाच्या वाढीविषयी केलेले ते अनुमान आहे. नंतरच्या अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली, आणि ती घेता आली. १९४२ मधील त्यांच्या व्याख्यानांत, जी त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये ग्रंथरूपाने आली, महाभारताच्या अर्थाविषयी ते बोलतात तेव्हा हस्तलिखितांची कुळे मागे पडतात आणि वाचन पुढे येते. एकाच अभ्यासकाच्या हातून ही तिन्ही रूपे घडली. कोणत्या प्रश्नाला कोणते रूप लागते हे त्याला माहीत होते, म्हणून पाठनिर्णयाच्या जागी त्याने वक्तृत्व केले नाही आणि अर्थनिर्णयाच्या जागी रकाने आखले नाहीत.

हे तारतम्य आराखड्याच्या छापील नमुन्यात आणणे अशक्य नाही. संहिता, कालनिर्णय, ग्रंथसूची, बोलींचे सर्वेक्षण, नियतकालिकांची वर्णनात्मक सूची, वाचकांची पाहणी, या विषयांवर काम करणाऱ्याने अहवाल लिहावा, आणि तो पुरा लिहावा : साधने कोठे आहेत, कोणती मिळाली नाहीत, कोणता तर्क फसला, कोठे नागमोडी रेषा ओढावी लागली. कलाकृतीचा अर्थ, वाङ्मयप्रकाराचे स्वरूप, लेखकाचे मूल्यमापन, समीक्षेतील संकल्पना यांवर काम करणाऱ्याकडून मात्र गृहीतके मागणे बंद करावे. ‘गृहीतके’ या मथळ्याच्या जागी ‘संशय’ हा मथळा घालावा आणि त्याखाली, या विषयात दोन जाणत्या माणसांचे मतभेद कोठे होऊ शकतात, हे विद्यार्थ्याने पानभर लिहावे. ज्याला ते लिहिता येत नसेल त्याची नोंदणी तूर्त थांबवावी. ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या मथळ्याखाली वीस ग्रंथांची नावे मागण्याऐवजी एकच प्रतिपक्ष मागावा, त्याच्याच शब्दांत. मौखिक परीक्षेच्या दिवशी बहिःस्थ परीक्षकाने मानधनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्या प्रतिपक्षाच्या वतीने अर्धा तास बोलावे, आणि उमेदवाराने उत्तर द्यावे. प्रबंधाची पाने त्यामुळे कमी होतील, आणि संशोधनकेंद्रांना दाखवायच्या संख्याही कमी होतील, हे उघड आहे. हा बदल सुचवला तर पहिला विरोध येईल तो विद्यार्थ्यांकडून नव्हे.